‘अंतर्गत बाब’ म्हणे!

कुजबुज बंद. चाचणीचे पेपर तपासले मी. निवडणुकांचा जगाच्या अर्थकारणावर काय परिणाम होतो, या प्रश्नाला निम्म्या वर्गाचं एकच उत्तर : ‘निवडणूक ही देशाची अंतर्गत बाब असते.’ स्वल्पविरामसुद्धा सारखे! गाइडवाल्याला माझा नमस्कार सांगा.

अरे, निफाड तालुक्यात राहता ना? घरच्यांनी कांदा मातीमोल विकला, तेव्हा डोळे मिटून बसला होतात?

तारखा उतरवून घ्या. ऑगस्ट 2023 : कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क. डिसेंबर : थेट निर्यातबंदी. ती 31 मार्चला संपायची होती. 16 मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आठवडाभरात बंदी बेमुदत वाढली. सरकार म्हणालं, देशात भाव आटोक्यात राहायला हवेत. त्यात खोटं काही नाही. पण महाग कांदा सत्ताधाऱ्यांना किती झोंबतो, हे दिल्लीने 1998 च्या विधानसभेलाच दाखवलं होतं, तेही कुणी विसरलेलं नव्हतं.

बंदी आली आणि लासलगावात भाव कोसळले. त्याच वेळी ढाक्यात कांदा भडकला. आपली गिऱ्हाइकं पाकिस्तान, चीनकडे वळली. एकदा गेलेलं गिऱ्हाईक सहज परत येत नाही, हे शेजारच्या व्यापाऱ्याला विचारलं असतंत तरी कळलं असतं. बंदी उठली 4 मे 2024 ला. नाशिक-दिंडोरीचं मतदान 20 मे रोजी. तरी दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्याच. सप्टेंबरात शुल्क 40 वरून 20 टक्क्यांवर आलं, नोव्हेंबरात विधानसभा. योगायोग म्हणायचाय? खुशाल म्हणा, पण कारण द्या!

उलट बाजूही तशीच. नोव्हेंबर 2024 मध्ये मतं टाकली अमेरिकेतल्या लोकांनी. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या नव्या सरकारने बऱ्याच भारतीय मालावरचं आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेलं आणि अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारागिरांची झोप उडाली. आणि तुम्ही लिहिता, अंतर्गत बाब!

गुण कुणालाही दिलेले नाहीत. बाजार समितीत जा, माल बाहेर पाठवणाऱ्याला गाठा, बंदीच्या काळात काय झालं ते विचारा आणि उत्तर नव्याने लिहा. सोमवारी वह्या टेबलावर हव्यात. गाइडातलं एक वाक्य जरी सापडलं, तर पालकांना घेऊन यायचं.