चकचकीत रंगाखाली



मागे गोव्याला गेलो असताना एक मित्र मला नदीकाठी होड्या दुरुस्त करतात तिथे घेऊन गेला. फायबरग्लासची ३० वर्षे जुनी शिडाची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. पांढरी, चकचकीत. मी म्हणालो, "हिला काय झाले आहे? चांगली तर दिसते!"

मिस्त्री काही बोलले नाहीत. लहान हातोडीने डेकवर ठोकत निघाले. टण, टण, टण... डोलकाठीच्या बुडाशी आवाज बदलला. भद्द! "फादर, फायबर सडत नाही. पण डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचे हलके लाकूड असते. ते सडले आहे."

कारण काय, तर एक स्क्रू. त्याच्या भोवतीचे सील वाळून फुटले आणि दर पावसाळ्यात थेंब थेंब पाणी आत झिरपत राहिले. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकूड लवकर कुजवते. मालक मात्र वरून रंग देत राहिला. डोलकाठीचा सारा भार जिथे, तीच जागा पोकळ!

प्रभू येशूने शास्त्री व परुश्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली. ती आपण नेहमी दुसऱ्यांना लावतो. त्या दिवशी ती मला लागली. वडिलांच्या निधनानंतर घराच्या वाटणीवरून माझे थोरल्या भावाशी बोलणे तुटले होते. चार वर्षे. लग्नकार्यात भेटलो की हसून हात जोडायचो. आणि दर रविवारी वेदीवरून तुम्हांला एकमेकांना शांती द्यायला सांगायचो. हा माझा रंग होता.

मिस्त्रींची पद्धत ऐका. आधी वरचा थर कापून उघडायचा. घट्ट, कोरडे लाकूड लागेपर्यंत कुजलेले काढायचे. मग वाळू द्यायचे, घाई नाही. ओल्यावर इपॉक्सी धरत नाही. नवे लाकूड बसवायचे आणि जुन्या फायबरची कड उतरती घासून वर नवे थर चढवायचे. थर १ मिलिमीटर जाड असेल तर उतार १२ मिलिमीटर. नुसती कडेला कड चिकटवली तर ताण आला की सांधा उघडतो.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की कृपा आपला स्वभाव मोडत नाही, तो पूर्णत्वाला नेते. मिस्त्रींनीही होडी मोडीत काढली नाही. पण आधी उघडावे लागते. "मीही चुकलो" असे म्हणणे म्हणजे उघडणे. आणि ते म्हणण्याचे बळही कृपाच देते.

परत आल्यावर मी भावाला फोन केला. दोनच मिनिटे बोललो. सगळे मिटले असे म्हणणार नाही. लाकूड अजून वाळते आहे. पण उघडले आहे.

बंधुभगिनींनो, हा उपवासकाळ आहे. तुमच्या घरात कुणाचे नाव निघाले की आवाज बदलतो? भावाचे? सुनेचे? शेजाऱ्याचे? तिथेच थांबा, वरून रंग देऊ नका. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सापूर्वी मी कुमसारासाठी बसेन. त्याआधी मी स्वतः दुसऱ्या फादरांपुढे गुडघे टेकून येईन.

प्रभू आपणां सर्वांना ते धैर्य देवो.

आपला,
धर्मगुरू