सादृश्याचा दाखला

खोकताना, शिंकताना किंवा ओझे उचलताना लघवी आवरत नाही, ही व्याधी जिवावर बेतणारी नसली तरी असंख्य स्त्रिया ती लज्जेपोटी वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात. आणि म्हणूनच मूत्रमार्गाखाली जाळीची एक अरुंद पट्टी बसवून त्यांना मुक्त करण्याचे आश्वासन शल्यविद्येने दिले, तेव्हा ते अनेकींना वरदानच वाटले. ती पट्टी निर्धोक आहे हे कोणत्या प्रमाणाने ठरले, हा प्रश्न मात्र बराच काळ अनुत्तरित राहिला.

अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याने अशी सोय ठेवली होती की, नवे उपकरण बाजारातील एखाद्या जुन्या उपकरणाशी तत्त्वतः समान असल्याचा दाखला सादर केला, म्हणजे बहुधा रुग्णांवरील स्वतंत्र चाचणीवाचूनच परवाना मिळे. ‘प्रोटेजेन’ या पॉलिएस्टरच्या पट्टीशी साम्य दाखवून ‘टीव्हीटी’ या पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीने १९९८ साली परवाना मिळविला; पुढच्याच वर्षी उपद्रवांच्या तक्रारींमुळे ‘प्रोटेजेन’ बाजारातून परत घेण्यात आली, तरी तिच्या आधारे दिलेला परवाना अबाधित राहिला. मूळ वतनदार बेदखल व्हावा आणि वारसाची सनद मात्र कायम राहावी, असाच हा न्याय!

न्यायदर्शनातील नैयायिकांनी उपमानाला, म्हणजे सादृश्यावरून होणाऱ्या ज्ञानाला, प्रमाणांत स्थान दिले, पण त्याची मर्यादाही आखून दिली. गवय गाईसारखा असतो असे ऐकून अरण्यात गेलेल्या मनुष्याला ‘हाच तो गवय’ एवढे कळते. तो शिंगावर घेईल की नाही, हे त्या सादृश्यातून कळत नाही. ‘टीव्हीटी’ने पुष्कळ स्त्रियांना खरोखर आराम दिला, हे नाकारण्यात हशील नाही, परंतु तो गुण रुग्णांच्या प्रत्यक्ष अनुभवाने सिद्ध झाला, साम्याच्या कागदाने नव्हे.

ज्यांना तीव्र वेदना झाल्या, ज्यांच्या अंगात जाळी रुतून बसली, त्यांचा अनुभव मात्र प्रमाण मानला गेला नाही. वस्तूचे साक्षात ज्ञान असलेला आणि ते जसेच्या तसे सांगू इच्छिणारा तो आप्त, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा असा, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू, असे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने सांगून ठेवले आहे. त्या कसोटीने स्वतःच्या वेदनेविषयी त्या रुग्ण स्त्रियांहून मोठा आप्त कोण? तरीही त्यांची कैफियत मनाचे खेळ म्हणून किंवा वयाचा परिणाम म्हणून बाजूला सारली गेली, हे २०२० च्या ब्रिटिश चौकशी अहवालात नमूद आहे. स्कॉटलंडमधील स्त्रियांनी या जाळीविरुद्ध आपल्या संसदेकडे २०१४ सालीच अर्ज गुदरला होता. इंग्लंडमध्ये या शस्त्रक्रिया स्थगित करण्याचा हुकूम जुलै २०१८ मध्ये निघाला.