दगड सुटा नव्हता

विठ्ठला, मायबापा, थांबलोय रे. हेल्मेटच्या आत घाम आणि पाऊस एक झालेत, गॉगलवर वाफ धरलीय, आणि पुढे दहा पावलांवर तो दगड आहे. ऐक माझं. इथे दुसरं कोणी नाही, आणि असतं तरी त्याला मराठी कळलं नसतं.

या रानाला कॉइड अ ब्रेनिन म्हणतात. वेल्श नाव आहे, राजाचं वन. 1935 मध्ये पंचम जॉर्जच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली म्हणून ठेवलेलं. तो राजा कधीच गेला. पंढरीच्या राजाला मात्र मी इतक्या लांबून हाक मारतो आणि तू असतोस, दर वेळी असतोस.

आधी तुझे उपकार. पहाटे चारला बर्मिंगहॅमहून निघालो, सुखरूप आणलंस. पन्नाशीतले हे गुडघे अजून चढ चढू देतात, ते तुझंच देणं. ओल्या स्प्रूसचा वास दिलास, खाली एडन नदीचा आवाज दिलास, थर्मासमध्ये हिनं भरून दिलेला आल्याचा चहा दिलास. (इथला कॅफे 2025 च्या मार्चअखेर बंद झाला तेव्हा मी चार दिवस हळहळत होतो. वाटा उघड्या राहिल्या याबद्दल तुझ्यापुढे हात जोडायचे मात्र विसरलो. असा मी.)

आणि ज्यांनी ही वाट बांधली त्यांचेही उपकार, देवा. 1990 च्या दशकात दाविद डेव्हिस नावाच्या रेंजरनं आणि त्याच्या सोबत्यांनी खास माउंटन बाइकसाठी या वाटा घडवल्या. ब्रिटनमधलं असं हे पहिलंच केंद्र. हातांनी दगड लावले. आडवे पसरले नाहीत, उभे रोवले, एकाला एक खेटून, निम्म्याहून जास्त अंग मातीत. वरून पाऊस वाहून जातो, चाकं जातात, दगड हलत नाही.

इथेच माझी चूक आहे, विठ्ठला. सांगतो.

मागच्या ऑक्टोबरात याच उतारावर पडलो. कॉलर बोन मोडलं. घरी सांगितलं, दगड सुटा होता. डॉक्टरला तेच, ऑफिसात तेच, आईला फोनवर तेच. आई म्हणाली, मेल्यांना साधी वाट बांधता येत नाही का? मी हो म्हणालो. देवा, दगड सुटा नव्हता. त्या दिवशी माझ्या पुढे एक मुलगी हळू जात होती, वीस-बावीसची असेल. मला तिच्या मागे राहणं सोसेना. बाजूनं घुसलो, ती दचकून झाडाशी थांबली, आणि मी तोऱ्यात खाली सुटलो. मग दगड दिसला. पोटात गोळा आला. पुढचा ब्रेक गच्च दाबला. वेग गेला, चाक दोन दगडांच्या फटीत बसलं, मी हँडलवरून पलीकडे. मला उठवायला तीच मुलगी आली. तिनं माझी सायकल चढावरून ओढत वर नेली, आणि मी तिलाही म्हणालो, दगड सुटा होता.

तू विटेवर उभा आहेस. दगडावर आळ घेणाऱ्याला तू कसा पाहत असशील?

मघाशी सायकल आडवी टाकली आणि चालत खाली गेलो. हातमोजा काढला. त्या दगडावर हात ठेवला. गार, काळसर, एका कडेला शेवाळ. हलवून पाहिला. दोन्ही हातांनी हलवून पाहिला. मग तिथेच, ओल्या दगडाला कपाळ लावलं. हेल्मेट मध्ये आलं, टक् असा आवाज झाला, तेवढं गोड मानून घे.

दगडाची क्षमा मागितली. तुझी मागतो. त्या मुलीची कुठे मागू, ते तू बघ.

वाटेच्या तोंडाशी काळी पाटी आहे. इथे काळी म्हणजे सगळ्यात अवघड. सावळ्या, काळ्या रंगाचं भय मला कधी वाटलं नव्हतं, आता वाटतं. शिकवणारे सांगतात, पेडल सम ठेव, दोन्ही पाय एका पातळीत, गुडघे सैल, टाचा खाली. समचरण. हा शब्द लहानपणापासून तुझ्यासाठी वापरत आलो, तो माझ्या पायांना लागू होईल असं कधी मनात आलं नव्हतं. माझे पाय थरथरतात, विठ्ठला. तुझे कधी थरथरले का रे?

ब्रेक दगडाच्या आधी लावायचा, दगडावर सोडायचा. एवढंच तर आहे. कळतं, पण बोटांना वळत नाही.

बोटं सैल कर.

नजर पुढे ने. ज्या दगडाला मी भितो त्याच्याकडेच बघत राहतो, आणि चाक नेमकं तिथेच जातं. नजर त्याच्या पलीकडे, वळणावरच्या त्या बर्चच्या बुंध्यावर ठेव.

आजी वारीत दिवे घाट चढताना म्हणायची, देवा, पाऊल उचलून दे, टेकवते मी. तेवढंच मागतो. चाक उचलून दे.

आणि पडलो तर खरं बोलायची बुद्धी दे. आज हिला काय सांगेन ते आत्ताच ठरवू देऊ नकोस. उतरून, सायकल हातात धरून चालत गेलो, तर तेही सांगता येऊ दे.

सीट खाली घेतली. एक बोट ब्रेकवर, बाकीची मुठीवर. पाय सम.

मागून फ्रीव्हीलची टकटक ऐकू येतेय, देवा. कोणीतरी येतंय. त्याला आधी जाऊ देतो. मग मी.