गोरोबाकाकांची पत्नी

ईश्वरचिंतन आणि अपत्यसंगोपन ही दोन कार्ये एकाच मनुष्याच्या हातून एकाच काळी घडू शकतात काय, हा प्रश्न आपल्या अध्यात्मग्रंथांनी सरळ विचारलेला क्वचितच आढळतो. त्याचे उत्तर मात्र त्यांनी गृहीत धरलेले असते, आणि ते बहुधा नकारार्थी असते. मुलाबाळांचा पसारा हा बंध, त्यांच्याविषयीची ममता हा मोह, आणि त्या मोहातून चित्त सोडवून ईश्वराकडे लावणे हा परमार्थ, असा हा हिशेब आहे. सामान्य लोकांच्या मनात या हिशेबाला वेदान्ताच्या ग्रंथांनी जेवढी बळकटी दिली नसेल तेवढी एका कुंभाराच्या कथेने दिली आहे.

मराठवाड्यातल्या तेर गावचे गोरोबाकाका हे नामदेव-ज्ञानदेवांच्या मेळ्यातले वडीलधारे संत. थापटण्याने संतांची डोकी ठोकून मडके कच्चे की पक्के याचा निवाडा करण्याचा अधिकार या मंडळींनी त्यांना दिला होता, यावरून त्यांची योग्यता कळावी. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’ने त्यांची कथा घरोघर पोचवली. पत्नी रांगते मूल त्यांच्या हवाली करून पाण्याला गेली. गोरोबा चिखल तुडवीत, डोळे मिटून, विठ्ठलनामात रंगले होते. मूल बापाकडे ओढीने रांगत आले आणि चिखलाबरोबर तुडवले गेले. पुढे पंढरीच्या कीर्तनात देवाने ते मूल परत दिले, म्हणून कथा गोड झाली.

मागल्या आषाढात आमच्या गावच्या देवळात ही कथा उत्तररंगात लागली, तेव्हा दोन महिन्यांच्या धाकटीला पाजण्यासाठी मी खांबाआड बसले होते, आणि अडीच वर्षांचा थोरला बुक्क्याच्या वाटीत बोट घालून ते चाटून पाहण्याच्या उद्योगात होता. बुवांनी देहभान हरपलेल्या भक्ताचे वर्णन असे रसाळ केले की सभामंडपातले पुरुष डोळे पुसू लागले. माझे लक्ष मात्र त्या घागर घेऊन गेलेल्या बाईकडे लागले होते. तिने जाताना नवऱ्याला काय बजावले असेल ते कोणत्याही आईला तोंडपाठ आहे. परतल्यावर ती आकांताने विठ्ठलालाही बोल लावते, आणि कथा सांगणारे तो तिचा अज्ञानजन्य प्रमाद म्हणून सोडून देतात. मला तो आक्षेप अज्ञानाचा वाटत नाही.

योगशास्त्र धारणेची व्याख्या चित्त एका स्थानी बांधणे अशी करते. बाकीचे विषय सुटले, कान-डोळे मिटले, की चित्त स्थिर झाले असे समजावे. लहान मुलांच्या घरात याच्या अगदी उलट जातीचे अवधान लागते. हात परातीतल्या कणकेत, डोळा तव्यावर, एक कान पाळण्याकडे आणि दुसरा थोरल्याच्या हालचालींकडे. त्यातही आवाज येत असेल तोवर सर्व ठीक, आवाज बंद पडला की छातीत धस्स होते. परवा दुपारी असाच आवाज बंद पडला म्हणून पिठाच्या हातांनी धावत गेले, तो चिरंजीव पाळण्याच्या कडेला टाचा उंचावून उभे, आणि बहिणीला भूक लागली असावी या सद्‌भावनेने तिच्या ओठांशी कुरमुरा धरलेला. त्या क्षणी माझे चित्त एकाग्र असते तर काय झाले असते, याचा विचार पतंजलींच्या भाष्यकारांनी करावा. जे अवधान इतर सर्व वगळून एकाला धरते त्याला आपण समाधीचा पूर्वज म्हणून मान दिला. जे कशालाच वगळीत नाही, झोपेतही अर्धे जागे राहते, त्याला मात्र प्रपंचाची दगदग एवढेच नाव ठेवले. बायकांच्या देवधर्मात त्याची जाण अधिक आहे. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी अक्षरे लिहायला येते म्हणून पाट, कोरा कागद आणि लेखणी मांडून घरातल्या बाया जागरण करतात. नशीब लिहिणारी देवी येणार असली तरी बाळाजवळ कोणीतरी जागे हवेच, असा तो व्यवहारी धर्म आहे.

हे जागेपण ममतेवाचून टिकत नाही. मिथिला जळाली तरी माझे काहीच जळत नाही, या जनकराजाच्या उद्गाराचे मला लहानपणी फार कौतुक होते, आणि लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्या’त जनकाला कर्मयोग्यांच्या अग्रभागी बसवले आहे, तेही यथार्थच आहे. परंतु मिथिलेतल्या एखाद्या माडीवर पाळणा हलत असेल, तर तिथे धावलेली बाई ‘माझे’ म्हणतच धावली असणार, आणि त्या दिवशी नगरीला तिचाच उपयोग अधिक झाला असेल.

ममतेवर दुसरा आरोप पक्षपाताचा, आणि त्याची फिर्याद आमच्याच घरात दाखल आहे. आपल्याकडे दायविभाग चालत आला तो मिताक्षरेचा. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या या टीकेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत पुत्राला जन्मतःच हक्क पोचतो, बंगालच्या दायभागाप्रमाणे बापाच्या मृत्यूपर्यंत थांबावे लागत नाही. अर्थात नवा हिस्सेदार जन्मला की त्याच क्षणी जुन्याचा हिस्सा घटतो. थोरल्याची तक्रार नेमकी हीच आहे. मांडीवर त्याची अडीच वर्षांची अखंड वहिवाट, आणि कसलाही दस्तऐवज न दाखवता एक त्रयस्थ येऊन तिचा कबजा घेते! त्याने तडजोडीचे सर्व मार्ग चोखाळले: स्वतः पाळण्यात शिरून पाहिले, भात सोडून बोंडल्याने दूध मागितले, आणि शेवटी अत्यंत शांतपणे विचारले, “आई, हिला परत कधी द्यायची?”

गीतेतला पंडित ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्या ठायी समदृष्टी ठेवतो. ठेवो बापडा, त्याला त्या पाचांना एकाच वेळी जेवू घालायचे नसते. दोन मुलांच्या आईला समान वाटणी करता येत नाही, आणि केली तर तो अन्याय होईल. एकीला दूध हवे आणि दुसऱ्याला चिमणी-कावळ्याची गोष्ट, तीही काल सांगितली तशीच, शब्द न बदलता. ज्याची निकड त्या घटकेला मोठी त्याचा हक्क आधी, या पलीकडे माझ्याजवळ फैसला नाही, आणि रोज संध्याकाळी तो कोणा एकाला अमान्य असतो.

ज्याच्या नावाने ती स्मृती चालते त्या याज्ञवल्क्याने, उपनिषदात घर सोडताना, आरंभ दोन पत्नींमधल्या वाटणीनेच केला, हा मोठा विलक्षण योग आहे. मैत्रेयीने धनाऐवजी अमृतत्व मागितले, तेव्हा त्याने तिला सांगितले की पुत्र प्रिय होतात ते पुत्रांकरिता नव्हे, आत्म्याकरिता. इथला आत्मा म्हणजे क्षुद्र ‘मी’ नव्हे, सर्वव्यापी तत्त्व होय, असे वेदान्ती समजावतात. तो अर्थ मला मान्य आहे, किंबहुना रात्री तीन वाजता दुपटे बदलणाऱ्या हाताला दुसरा कोणताच अर्थ लागू पडणार नाही, कारण क्षुद्र ‘मी’ तेव्हा झोप मागत असतो. माझी तक्रार दुसऱ्या पत्नीपुरती, कात्यायनीपुरती आहे. तिला बायकांना असते तेवढीच प्रज्ञा होती, अशी एका शब्दात तिची बोळवण झाली. जनकाच्या सभेतून याज्ञवल्क्याने शिष्याकरवी घराकडे हाकायला लावलेल्या त्या हजार गाईंच्या धारा काढण्याची व्यवस्था कोणी पाहिली, याविषयी उपनिषद मौन आहे.

ममता निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. ‘माझे मूल’ हळूहळू ‘माझ्यासाठी मूल’ होते, पाळण्यातल्या जिवावर म्हातारपणाची काठी म्हणून आतापासून बोजा चढवला जातो, आणि पुत्रैषणा टाका असे याज्ञवल्क्य सांगतो ते इथे अक्षरशः खरे आहे. टाकायची ती ही वसुली. मूल टाकायचे नाही, आणि त्याच्यावरची नजरही काढायची नाही.

या बाबतीत संतांचा दाखलाच हवा असेल तर तो पैठणास आहे. एकनाथांचा प्रपंच भरला होता, लेकरेबाळे होती. गोदावरीच्या वाळवंटात भर दुपारी पोळणाऱ्या वाळूवर एका महाराचे मूल रडत होते. नाथांनी ते कडेवर उचलले, त्याचे नाक-डोळे पुसले, आणि विटाळाची पर्वा न करता त्याच्या आईकडे नेऊन पोचवले. त्या वेळी नाथांच्या मुखी नाम नव्हते असे कोण म्हणेल? नाम होते, आणि डोळेही उघडे होते. घरच्या मुलांचे रडणे ज्याच्या कानांना ओळखीचे असते त्यालाच परक्याचे मूल इतक्या चटकन ऐकू येते, असा माझा तर्क आहे. ममता गाळून टाकल्याने हे साधत नाही. ती उंबऱ्याबाहेर नेल्याने साधते.

गोरोबांची थोरवी कमी करण्याची माझी पात्रता नाही. कीर्तनकार बुवांना मात्र एक विनंती आहे. ही कथा लावाल तेव्हा ती बाई पाणी घेऊन परत येते तिथे थोडे थांबा, तिच्या तोंडी जो आक्षेप आहे तो तिला पुरता मांडू द्या, आणि त्याचे उत्तर म्हणून लगेच चमत्कार पुढे करू नका. समोर बसलेल्या पुरुषांनी तो आक्षेप ऐकणे फार जरुरीचे आहे.