डावा हात आणि स्मृतीची साक्ष

'प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले' असे कोणी म्हटले की वाद मिटला, अशी आपली समजूत असते. परंतु पाहणे निराळे आणि ध्यानात राहणे निराळे. सरकारी कागदावरील राजमुद्रा आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो. तिच्यातील चक्राच्या कोणत्या बाजूस घोडा व कोणत्या बाजूस बैल, असे परवा कचेरीतील एका स्नेह्याने विचारले, तेव्हा आम्ही छातीठोकपणे चुकीचे उत्तर दिले. घोडा डावीकडे आहे, बैल उजवीकडे. आणि खाली वचन 'सत्यमेव जयते'!

हा दोष आमच्या एकट्याचा नव्हे. रोज हाताळलेल्या सेंटच्या नाण्यावर नेमके काय असते, हे बहुतेकांस नीट आठवत नाही, असे निकर्सन व अॅडम्स या अमेरिकन संशोधकांनी १९७९ साली दाखविले. पुढे इंग्लंडात याहून विलक्षण गोष्ट आढळली. तेथील नाण्यांवर राणी दुसऱ्या एलिझाबेथचे मुख उजवीकडे असे. तरी पुष्कळांना ते डावीकडे वळलेले आठवे. मार्टिन व जोन्स यांनी १९९० नंतरच्या दशकात शोध घेतला, तेव्हा या आठवणीचा संबंध माणूस डावखुरा की उजखुरा याच्याशी दिसून आला. उजव्या हाताने एका बाजूचा चेहरा काढू गेल्यास तो सहसा डावीकडे तोंड करून उमटतो. हाताचे हेच वळण स्मृतीतही उतरत असावे, असा एक तर्क आहे.

हे वाचून आम्ही ओशाळलो. आमची कन्या डावखुरी आहे. देवघरापुढे बसलेल्या आजीचे चित्र तिने येथे, दिल्लीस, आठवणीने काढले. आजीचे मुख उजवीकडे होते. "उलटे काढलेस," म्हणून आम्ही ते पुसावयास लावले. पुढे रजेवर गावी गेलो. माजघराच्या दारातून पाहिले, तो देवघर उजव्या हातासच होते. कदाचित कन्येच्या हातानेच तिच्या स्मृतीला साथ दिली असेल. पण आम्ही तर चौकशीवाचूनच निकाल दिला होता.

म्हणून स्मृतीवर विश्वासच ठेवू नये काय? तसे केल्यास व्यवहार चालणार नाही. मात्र प्रामाणिकपणा म्हणजे अचूकपणा नव्हे, हे ओळखणे सत्यनिष्ठेचेच अंग आहे. दुसऱ्याची आठवण आपल्याहून निराळी निघाली, तर त्यास खोटा ठरविण्यापूर्वी एकवार जाऊन पाहावे. आम्ही गेलो खरे, परंतु चित्र पुसून झाल्यावर.