चौकटीला नाव काय द्यायचे?

जागतिक बँकेच्या १९९२च्या विकास अहवालाचा मसुदा तयार होत होता. त्यात एक आकृती होती: 'अर्थव्यवस्था' असे लिहिलेला चौकोन, एक बाण आत जाणारा, एक बाहेर पडणारा. बँकेतले अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांनी विचारले, हे बाण येतात कुठून आणि जातात कुठे? भोवती मोठा चौकोन काढा आणि त्यात 'पर्यावरण' लिहा. पुढच्या मसुद्यात मोठा चौकोन आला, पण बिननावाचा, फोटोच्या फ्रेमसारखा. डेलींनी पुन्हा हरकत घेतली. तिसऱ्या मसुद्यात आकृतीच गायब! हा किस्सा खुद्द डेलींनीच लिहून ठेवला आहे.

आधी लुइझियानाच्या, नंतर मेरीलँडच्या विद्यापीठात या माणसाने आयुष्यभर एकच प्रश्न शिकवला: अर्थव्यवस्था किती मोठी झाली म्हणजे पुरे? पाणी, जंगल जेवढे भरून येते तेवढेच वापरा. घाण निसर्गाला पचेल तेवढीच सोडा. मूळ भांडवलाला हात न लावता जे खाता येते, तेच उत्पन्न.

शेतकऱ्याने पेरणीचे बियाणे दळून खाल्ले, तर त्याला कोणी बरकत म्हणत नाही. देशाच्या हिशेबात मात्र म्हणतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधी मारलेल्या बोअरचा खर्च, टँकरचे भाडे, सगळे राष्ट्रीय उत्पन्नात जमा झाले. खोल गेलेली पाणीपातळी मात्र त्यातून कुठेच वजा झाली नाही. हे गणित आपण मुलांना आजही शिकवतो आणि त्यावर गुण देतो.

मग गरिबाने वाढायचेच नाही का, असा सवाल लगेच येतो. तो बहुधा तीन बोअरवाल्याकडून येतो, हे सोडा. डेलींचे उत्तर स्पष्ट होते. गरिबाचे वाढले पाहिजे, म्हणूनच भरल्या ताटाने थांबले पाहिजे. १९७७च्या पुस्तकात त्यांनी किमान उत्पन्नाबरोबर कमाल उत्पन्नाचीही मर्यादा मांडली. किमान मर्यादेवर आपण सभा गाजवतो. कमाल मर्यादा म्हटली की आवाज बसतो, डाव्यांचा आणि उजव्यांचाही. पर्यावरणाच्या प्रश्नात झाडे लावणे सोपे असते, आपला वाटा मोजून घेणे कठीण.

कठीण, पण अशक्य नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पाऊस संपला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. प्यायला किती, जनावरांना किती, उरले त्यात कोणते पीक घ्यायचे, हे सगळ्यांसमोर ठरते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. बँकेच्या अहवालातून गायब झालेला तो मोठा चौकोन तिथे फळ्यावर असतो, नावासकट.