कर्त्या पुरुषाचा अधिकार

आपला जीव धोक्यांत घालणाऱ्या मनुष्यास आपण शूर म्हणतों. परंतु तोच मनुष्य बायकामुलांसह धोक्यांत शिरला, तर त्या शौर्याचा हिशेब कोणाच्या नांवें मांडावयाचा? अमेरिकेंतील केंटकी प्रांताचा एक आद्य वसाहतकार डॅनियल बून (१७३४–१८२०) याचें चरित्र वाचतांना हा प्रश्न आम्हांस वारंवार अडवितो.

१७७३ सालीं बून आपलें बिऱ्हाड व इतर कांहीं कुटुंबें घेऊन पर्वतापलीकडे निघाला. ऑक्टोबरांत त्यांच्या मागून येणाऱ्या एका लहान तुकडीवर तेथील मूळ रहिवाशांच्या टोळीनें हल्ला केला, आणि बूनचा थोरला मुलगा जेम्स हाल हाल होऊन मेला. त्याचें वय अवघें १६ वर्षांचें होतें. मंडळी परत फिरली. पण दोनच वर्षांनीं बूननें पत्नी रेबेका व मुलें यांना केंटकींत नेऊन ठेविलें. १७७६ च्या जुलैंत मुलगी जेमायमा हिला शॉनी व चेरोकी लोकांनीं नदीवरून पळवून नेलें. तिसऱ्या दिवशीं बापानें तिला सोडवून आणिलें. १७७८ सालीं तो स्वतः शॉनींच्या हातीं सांपडला, तेव्हां तो मेलाच असें समजून रेबेका मुलांसह माहेरीं, उत्तर कॅरोलिनांत, निघून गेली. तिला कोण दोष देईल? तो सुटून आला, तिला आणावयास गेला, आणि ती पुन्हां त्याच्याबरोबर आली. प्रेमानें, धर्म समजून, कीं दुसरा मार्गच नव्हता म्हणून? नवऱ्याची हकीकत जॉन फिल्सन यानें १७८४ सालीं पुस्तकांत छापली व ती देशोदेशीं गाजली. तिची हकीकत कोणीं विचारलीच नाहीं.

खरी कसोटी १९ ऑगस्ट १७८२ ची. तेव्हां बून फेएट परगण्याच्या सैन्यांत लेफ्टनंट कर्नल होता. ब्लू लिक्स येथें नदीपलीकडे शत्रु दबा धरून बसला असावा हें त्यानें ओळखलें, आणि मागून येणाऱ्या बेंजामिन लोगनच्या मोठ्या तुकडीची वाट पाहावी असा सल्ला दिला. ह्यू मॅकगॅरी नांवाच्या अधिकाऱ्यानें भेकडपणाचा टोमणा मारून घोडा पाण्यांत घातला; बाकीचे मागोमाग गेले. बूनही गेला, व त्याचा २३ वर्षांचा मुलगा इझ्रायल त्याच्याबरोबर. थोडक्याच वेळांत सुमारें ७० माणसें मारलीं गेलीं. इझ्रायल बापाच्या डोळ्यांदेखत पडला. मुख्य अधिकारी जॉन टॉड हाही पडल्यामुळें परगण्याच्या रक्षणाचा भार बूनवर आला.

सल्ला धुडकावला गेल्यावर त्यानें मागें राहावयास हवें होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या शेजाऱ्यांना आपण या रानाची वाट दाखविली, त्यांना नदीपलीकडे सोडून देणें त्यास शोभलें नसतें. आणि इझ्रायल वयांत आलेला होता. जेम्सविषयीं मात्र आमचें मन इतकें निश्चिंत होत नाहीं. तेथें कोणाचें रक्षण करावयाचें नव्हतें; नवी जमीन हवी होती. तीही कांहीं बेवारशी नव्हती. १७६८ च्या तहांत इरोक्वॉय लोकांनीं ती इंग्रजांस लिहून दिली. तेथें शिकार करणाऱ्या शॉनींची संमति कोणीं घेतली नाहीं. त्यांनाही मुलेंबाळें होतीं. कैदेच्या काळांत ज्या शॉनींनीं बूनला दत्तक मुलगा मानिलें, त्यांचींच गांवें १७८२ च्या नोव्हेंबरांत जाळणाऱ्या फौजेंत तो होता.

केंटकींतील त्याची बहुतेक जमीन पुढें सदोष दस्तऐवजांपायीं हातची गेली. १७९९ सालीं साठी गांठलेली रेबेका नवऱ्यामागून पुन्हां एकदां नव्या मुलुखांत, मिसुरीस, निघाली. या वेळीं मुलें मोठीं झालीं होतीं, आणि त्यांतलीं कित्येक आपल्या मर्जीनें बरोबर होतीं.